मरळीचा रंग

आपल्या धारवाड भागातील तळ्यांत मरळ ही शिकारी मासळी आढळते. तिची पाठ चिखलासारखी काळपट, पोट फिकट. पाणवनस्पतींत ती निश्चल पडून राहते आणि बेसावध मासोळी वा बेडूक जवळ येताच झडप घालते.

हे झाले लपणे. काही मासे याहून पुढे जाऊन फसवतात. आफ्रिकेतील मलावी सरोवरातील निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी हा डागाळलेला मासा तळाशी कुशीवर पडून मेल्याचे सोंग घेतो व कुरतडावयास आलेल्या लहान माशांनाच गिळतो.

परंतु मरळीला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो. त्यासाठी ती वर येताच पाणी हलते आणि कोळ्याची नजर तिकडे वळते. रंगाने जे झाकले, ते श्वासाने उघडे पडते!