हरित घर : समज आणि गैरसमज

पुणे शहराच्या पश्चिम भागातील कोथरूडमध्ये चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या अनेक सहकारी गृहनिर्माण संस्थांपुढे आज एकच प्रश्न आहे : जुनी इमारत दुरुस्त करावी, की पाडून नवी बांधावी? अशा वेळी ‘हरित इमारत’ हा शब्द वारंवार कानी पडतो. त्याविषयीचे काही गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे.

पहिला गैरसमज असा की, नवी इमारत आपोआपच अधिक हरित असते. सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते. तीत इंधन जळते आणि खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विटा व पोलाद यांनाही भट्टी लागतेच. म्हणून सांगाडा सुदृढ असेल तर दुरुस्तीचा विचार प्रथम व्हावा. तो सुदृढ आहे की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा व त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण व्हावयास हवे. इमारत धोकादायक ठरल्यास रहिवाशांची सुरक्षितता हीच सर्वश्रेष्ठ होय.

दुसरा गैरसमज खर्चाचा. पुण्यात उन्हाळ्यात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे गच्ची सर्वाधिक तापते आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. गच्चीस पांढरा रंग, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा, समोरासमोर खिडक्या आणि झाडाची सावली हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. उलट, पश्चिमेस मोठी काच बसविल्यास वातानुकूलन यंत्राचा खर्च मात्र वाढतो.

सौर संच बसविला की काम संपले, हा तिसरा गैरसमज. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. तथापि, आधी विजेची गरज घटविली तर लहान संचही पुरतो.

पुण्यात पाऊस बेताचाच, तो साठवून काय होणार, हा चौथा. १०० चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडल्यास ७०,००० लिटर पाणी मिळते. वीस टक्के घट धरली तरी ५६,००० लिटर उरते. गाळून ते विंधन विहिरीच्या पुनर्भरणास वापरता येते.

आधी परीक्षण, मग सावली व वारा, नंतर पाणी आणि अखेरीस यंत्रे, हा क्रम शहरातील संस्थांइतकाच गावातील शाळा व पंचायत कार्यालयांच्या दुरुस्तीसही लागू पडतो. अंदाजपत्रक मंजूर करण्यापूर्वी त्याचा विचार व्हावा.