वाचकांचे प्रश्न : क्रोमच्या टाकीवरचा आजार, दाद कुठे मागायची?

प्रश्न : माझे यजमान पिरंगुटजवळच्या एका प्लेटिंग कारखान्यात ठेकेदाराकडून क्रोमच्या टाकीवर कामाला आहेत. नाकातून सारखं रक्त येतं, बोटांना न दुखणाऱ्या जखमा झाल्यात. ठेकेदार म्हणतो, मास्क लावा, नाहीतर काम सोडा. आम्ही काय करावं?
– एक भगिनी, पौड

उत्तर : ताई, काम सोडण्याआधी आजाराची कागदोपत्री नोंद करून घ्या. तुम्ही सांगता ती लक्षणं क्रोमिक ॲसिडच्या तुषारांमुळे होतात. पुढे नाकाच्या पडद्याला भोक पडतं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियममुळे फुप्फुसाचा कर्करोगही होऊ शकतो. कापडी मास्क इथे कामाचा नाही. तुषार टाकीच्या काठालाच ओढून घेणारा एक्झॉस्ट हवा; रबरी हातमोजे, ॲप्रन, बूट त्याच्या जोडीला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची स्थिती संहिता, २०२० लागू झाली आहे. सुरक्षेची साधनं आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च मालकाचा. पगारातून एक पैसाही कापता येत नाही.

आता क्रमाने हे करा. ईएसआय कार्ड असेल तर ईएसआयच्या डॉक्टरांना दाखवा आणि ‘क्रोमच्या टाकीवर काम’ हे शब्द केसपेपरवर लिहून घ्या. क्रोमियमची बाधा हा व्यवसायजन्य आजार आहे. अशा रुग्णाची लेखी माहिती सरकारला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जखमांचे तारखेसह फोटो, हजेरीकार्ड, पगाराच्या पावत्या जपून ठेवा. मग कारखान्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयात तक्रार करा.

पैशांचं म्हणाल तर ईएसआय लागू असल्यास उपचार मोफत होतात आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. ईएसआय लागू नसेल तर मालकाकडून भरपाई मागता येते. तो दावा दोन वर्षांच्या आत करावा. ‘ठेकेदाराचा माणूस’ म्हणून मूळ कारखान्याला हात झटकता येत नाहीत.

७ जून २०२१ ला उरवड्याच्या कारखान्यातल्या आगीत कामगार गेले, तेव्हा सारा मुळशी तालुका हळहळला. टाकीवरचा माणूस मात्र हळूहळू खंगतो, त्याचा गाजावाजा होत नाही. म्हणून केसपेपरवरची ती ओळ याच आठवड्यात लिहून घ्या.