वाट्याला वजन नसतं

एडवणसारख्या गावातून मुंबईत संशोधनाला गेलेल्या मुलीला लोक दोनच प्रश्न विचारतात. स्टायपेंड किती आणि संपणार कधी? काय शिकलीस, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून न विचारताच सांगते. माझा विषय मासळीचा बाजार. पदवी इंजिनिअरिंगची, रोजचं काम कॉम्प्युटरवर आणि प्रबंध अर्थशास्त्राकडे झुकलेला. आकडे टाकलेत ते वाचायला सोपं जावं म्हणून, महत्त्वाचा क्रम म्हणून नव्हे.

१. प्रश्न विभाग विचारून पडत नाही.

पिल्लू पापलेट का पकडलं जातं, हा आमच्या किनाऱ्यावरचा जुना वाद. अर्थशास्त्राच्या खोलीत उत्तर मिळतं की समुद्र सगळ्यांचा, म्हणून आज मी नाही धरलं तर उद्या दुसरा धरेल. इंजिनिअर म्हणतो, जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, मोठा करा. कॉम्प्युटरवाला म्हणतो, फोटो द्या, लांबी मोजणारं मॉडेल बनवून देतो. तिघंही बरोबर, आणि तिघांच्या उत्तरांची बेरीज केली तरी कोडं सुटत नाही.

कारण डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून उभं असतं. तोंडाशी आस मोठा, शेपटाकडे बारीक होत जातो. तो बारीक असतो जवळा आणि बोंबलासाठी. पापलेटचं पिल्लू त्यात आगंतुक म्हणून येतं. आस वाढवला की पिल्लू सुटेल, पण जवळाही जाईल, आणि जवळ्यावर ज्या घराची चूल चालते त्या घराला भरपाई कोण देणार? २०२३ मध्ये राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी किमान लांबीचा नियमही आणला. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. नियम चांगला आहे. पण पट्टी मासा बोटीत आल्यावर लागते आणि तोवर तो मेलेला असतो. जाळं, भाव, उधारी आणि कायदा एकाच ताटात घेतल्याशिवाय या प्रश्नाचा घास तोंडात जात नाही.

२. गाजलेला पेपर आपल्या बंदरावर उतरवून बघावा.

मासळी आणि मोबाइल म्हटलं की जगभरचे विद्यार्थी रॉबर्ट जेन्सन यांचं नाव घेतात. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आला, मच्छीमार समुद्रातूनच चार बंदरांचे भाव विचारू लागले, बंदराबंदरांमधली भावाची तफावत घटली, मासळी फेकून द्यावी लागेना, असं त्यांनी २००७ साली आकड्यांनी दाखवलं. काम अस्सल आहे. मीही ते वाचूनच या विषयात पडले.

पण ते तारलीचं होतं. तारली रोज लिलावात जाते. आमच्याकडच्या पापलेटचं गणित निराळं. सातपाटीच्या बंदरात हंगामाच्या तोंडावर मच्छीमार सोसायट्या आणि व्यापारी बसतात, आकारमानाच्या प्रतवारीप्रमाणे दर ठरतात. मग समुद्रातून फोन करून भाव विचारण्यात काय हशील? भाव आधीच ठरलेला. ठरायचं राहतं ते इतकंच की मासा कुठल्या नंबरात पडला. दोन प्रतींच्या काठावरचं पापलेट उचलणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो, मालक बघतोय का ते पाहिलं जातं, आणि मासा एका टोपलीत जातो. माझा अर्धा प्रबंध त्या थांबलेल्या हातावर आहे.

शिवाय उधारी. पुढे २०१३ मध्ये जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी केरळात पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हा लिलावदाराकडून घेतलेल्या कर्जाने बांधलेला मच्छीमार त्यांच्या नजरेत भरला. आमच्या बाजूला हे सांगायला पेपर लागत नाही. डिझेल, बर्फ, जाळ्याचं सूत ज्याच्या पैशाने आलं, मासळी त्याच्याच दारात जाते. हातात कितीही भारी फोन असो.

३. वाट्याला वजन नसतं.

हा धडा मला सर्वांत महाग वाटतो, म्हणून जरा थांबते. बाजारातले भाव नोंदवायच्या ॲपसाठी मी तक्ता तयार केला होता: तारीख, मासळी, किलो, दर. सफाळ्याच्या बाजारात बसणाऱ्या काकूंपुढे तो धरला. त्या म्हणाल्या, "बाय, किलो कशाला? वाटा लाव की." वाटा म्हणजे पाटीवर मांडलेला ढीग. पन्नासचा वाटा, शंभरचा वाटा. भाव तोच राहतो, ढीग बदलतो. सकाळी शंभरच्या वाट्यात जितके बोंबील, त्याहून दुपारी जास्त. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की वर दोन टाकले जातात. घासाघीस झाली की एक काढून घेतला जातो आणि जाताना परत ठेवला जातो.

म्हणजे अर्थशास्त्राच्या पुस्तकात किंमत हलते आणि माप स्थिर धरतात, इथे किंमत जागच्या जागी बसते आणि माप हलतं. माझ्या तक्त्यातला 'किलो' हा रकाना भरायचा तर काकूंना अंदाज ठोकावा लागला असता, आणि तो अंदाज मग सर्व्हरवर दोन दशांश स्थळांपर्यंत दिमाखात बसला असता. शेवटी वाट्याचा फोटो आणि किंमत, एवढंच ठेवलं आणि मोजण्याचं काम मशीनवर सोपवलं. मॉडेल ओल्या बोंबलांच्या ढिगापुढे गडबडतं, एकात एक चिकटलेले असतात ना. पण निदान खोटं बोलत नाही.

संगणकशास्त्राच्या परिसंवादात हे मांडलं तेव्हा बहुतेक प्रश्न मॉडेलवर आले. वाट्यावर एकही नाही. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

४. यंत्र करण्याआधी वलांडीखाली उभं राहावं.

सोलर ड्रायरचे आराखडे पुष्कळ पाहिले, बहुतेकांत ट्रे एकावर एक. बोंबील ट्रेवर वाळवत नाहीत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी वलांडीच्या दोरीवर टाकतात, वारा चारी बाजूंनी लागतो. ट्रेवर ठेवला की खालची बाजू ओली राहते आणि मासा लगदा होतो. बायकांचा हात इतका भरभर चालतो की बघणाऱ्याला जोडी कधी झाली ते कळत नाही. हे ज्याने पाहिलं नाही, त्याचा ड्रायर अनुदानातून येतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्यात लाकडं ठेवली जातात.

५. खारी हवा सर्किट खाते. पवईच्या प्रयोगशाळेत वर्षभर चालणारा सेन्सर किनाऱ्यावर पहिल्याच पावसाळ्यात हिरवा पडतो. बोर्डावर लेपन हवं, डबा पक्का हवा, बजेटमध्ये दुसरा संच हवा. बस.

६. हे खूळ नवं नाही.

तीन विषयांची खिचडी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हॅरॉल्ड मान यांची आठवण करून देते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हे प्राचार्य मुळात रसायनशास्त्राचे. त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर गाव पालथं घातलं, माती तपासली, विहिरी मोजल्या, शेताचे तुकडे किती झाले ते पाहिलं आणि घराघरांची कर्जं लिहून काढली. ते पुस्तक १९१७ साली आलं. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालिकेतलं ते पहिलं पुस्तक, आणि लिहिणारा रसायनाचा माणूस! आज पिंपळे सौदागरला टॉवर उभे आहेत, पण ते गाव कसं होतं ते कळतं या पुस्तकामुळेच.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पवईच्या आयआयटीतलं 'सितारा', ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारं केंद्र. ते १९८५ पासून आहे. संगणकशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सोहोनी तिथे भूजलाच्या आणि नळपाणी योजनांच्या हिशेबात शिरले. टँकर का येतो, हा प्रश्नही विद्यापीठात संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे त्यांच्यासारख्यांनी दाखवून दिलं.

७. नोकरीच्या मुलाखतीत मात्र विभाग विचारतात.

आणि प्रत्येक विभागाची रीत वेगळी. अर्थशास्त्राच्या पेपरवर लेखकांची नावं बहुधा वर्णानुक्रमाने लागतात. इंग्रजी व्ही शेवटाकडे येत असल्याने वैती-वझे मंडळींनी मनाची तयारी ठेवावी. कॉम्प्युटरवाल्यांत पहिलं नाव म्हणजे काम करणारा. अर्थशास्त्राचा पेपर छापून यायला वर्षं जातात, संगणकात परिषदेची तारीख चुकली की विषय शिळा, आणि इंजिनिअरिंगवाले विचारतात, प्रोटोटाइप कुठाय? एका कॉलेजात निवड समितीने माझा बायोडेटा उलटापालटा केला आणि विचारलं, "पण तुम्ही नेमक्या कोण?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सांगते: जिथे जागा निघाली आहे, ती. तुम्हीही प्रवेश घेतानाच एक मुख्य विषय पक्का करा. बाकीचे दोन हौसेने आणि कष्टाने शिका. पण दाखल्यावर एकच नाव असू द्या, पोट त्याच्यावर आहे.

८. "कुठल्या कंपनीकडून?"

आमच्या पट्ट्यात सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन गेलं की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. पुढच्या टप्प्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. बोईसरच्या एमआयडीसीचं सांडपाणी खाडीत जातं म्हणून मांगेला समाजाच्या संघटनेला हरित लवादात जावं लागलं. वाढवणच्या ७६,२२० कोटींच्या बंदराला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. या प्रत्येक वेळी आधी कुणीतरी वही घेऊन आलं होतं, आणि त्या वहीचं पुढे काय झालं ते गावाला सर्वांत शेवटी कळलं. त्यामुळे संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे संमती मिळाली, असं मी मानत नाही. आकडे आधी गावात मराठीतून वाचून दाखवायचे, चुकीचं वाटेल ते लोकांना खोडू द्यायचं, मगच विद्यापीठात न्यायचे. याने काम लांबतं. मार्गदर्शक वैतागतात. लांबू द्यावं.

आता पालघर-बोईसरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांना एक विनंती. शेवटच्या वर्षाला हजेरीचं ॲप आणि पार्किंगचा सेन्सर पुष्कळ झाले. तुमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीत वर्षानुवर्षांच्या वह्या पडल्या आहेत: बोटीचं नाव, प्रत, वजन, उचल, कापून घेतलेली रक्कम. त्या ओल धरताहेत. चेअरमनना भेटा, रीतसर परवानगी मागा, नावं झाकून पानांचे फोटो घ्या, आणि सोबत अर्थशास्त्राची एक मैत्रीण न्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते, माणसं जाळी विणत घरीच असतात, बोलायला वेळ असतो. तेव्हाच जा. ऑगस्ट उजाडला की तुमच्याशी बोलायला कुणी सापडणार नाही.