धंदा आपला, कर्जही आपलंच

रात्री मेसमध्ये प्लेसमेंटचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "नोकरी नको रे, आपण आपलं वर्कशॉप टाकू." पुण्यात हे बोलणं अगदीच हवेतलं नाही. भोसरी-चिंचवडला एक-दोन मशीनवर जॉबवर्क करणारी कितीतरी युनिट्स आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मालक एकटाच, म्हणजे प्रोप्रायटर. सुरुवात सोपी असते. शॉप अ‍ॅक्ट, करंट अकाउंट, लागला तर जीएसटी नंबर, झालं काम! नफ्यात वाटेकरी नाही, कुणाला विचारायला जायचं नाही.

पण मित्रांनो, खरी मेख इथेच आहे. कायद्याच्या नजरेत प्रोप्रायटर आणि त्याचा धंदा हे दोन वेगळे नसतातच. पॅनसुद्धा मालकाचाच.

समजा, तुम्ही 30 लाखांचं कर्ज काढून व्हीएमसी घेतलं. वर्षभरात मोठ्या गिऱ्हाइकाने बिलं थकवली, हप्ते तुंबले. मशीन विकून 18 लाख आले. उरलेले 12 लाख आणि वरचं व्याज कुणी द्यायचं? तुम्हीच. तुमच्या बचतीतून, नावावर फ्लॅट असेल तर तो विकूनही. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये भागधारकाची जबाबदारी शेअर्सच्या रकमेपुरती असते. अर्थात बँकवालेही कच्चे नाहीत, ते डायरेक्टरची वैयक्तिक गॅरंटी मागतात आणि घर पुन्हा टांगणीला लागतं! तरी निदान माल देणाऱ्यांची उधारी सहसा घरापर्यंत येत नाही.

भांडवलाचीही तीच गत. शेअर्स नाहीत, त्यामुळे पैसा म्हणजे कर्ज नाहीतर घरच्यांची पुंजी. मित्राला नफ्या-तोट्यात घेतलं की ती भागीदारी झाली.

सर्वांत वाईट म्हणजे मालक आजारी पडला तर काय? (मेसवाले काका गावाला गेले की आमटीचं काय होतं, ते आपण पाहतोच.) आणि मालक गेलाच, तर खात्यावरचे व्यवहार थांबतात, वारसाला स्वतःच्या नावाने नवी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, तोवर कामगारांचे पगार अडकतात.

याउलट किर्लोस्करांचं पाहा. लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे, म्हणजे आपल्यातलेच. 1888 मध्ये बेळगावला सायकलचं दुकान निघालं ते मात्र एकट्याचं नव्हतं, भाऊ रामूअण्णा सोबत होते; 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव त्यातूनच आलं. 1910 मध्ये कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला आणि 1920 मध्ये त्याची लिमिटेड कंपनी झाली. मुलगा शंतनुराव यांनी 1946 मध्ये खडकीला ऑइल इंजिन्सची वेगळी कंपनी काढली. 1956 मध्ये लक्ष्मणराव गेले, पण कंपनी थांबली नाही. आजही पंप बनवते आहे.

आता भागीदार नकोच असेल तर 2013 च्या कंपनी कायद्यात एकट्याचीही कंपनी काढता येते, तिला ओपीसी म्हणतात. नोंदणीच्या वेळीच नॉमिनीचं नाव द्यावं लागतं. मालकाचं बरंवाईट झालं तर त्याच्या जागी तो येतो. दोघं-तिघं असाल तर 2008 च्या कायद्याची एलएलपी आहे. मात्र ओपीसीला दरवर्षी ऑडिट करून घ्यावं लागतं, फॉर्म भरावे लागतात, धंदा चालो वा न चालो. सीएची फी किती, ते मशीनचं कोटेशन मागवतानाच विचारून घ्या.