आधी परतीची वाट

पनवेल,
श्रावणातला पहिला सोमवार

चि. सोनूस,


तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. मागे एसीची घरघर, मध्येच कुणीतरी "लिंक फ्लॅप होतेय" म्हणून ओरडतंय. नेटवर्कच्या नोकरीतली माझी पहिली नाईट शिफ्ट आठवली. तू विचारलंस, आता पुढचं सर्टिफिकेशन कुठलं करू? ते तुझ्या टीम लीडला विचार, हल्लीच्या परीक्षा त्याला माझ्याहून चांगल्या ठाऊक असतील. मला सांगायचंय ते कुठल्या परीक्षेत येत नाही, आणि फोनवर बोललो तर तू "हो मामा, हो मामा" करून विसरशील. म्हणून लिहितोय. बाहेर पाऊस धरून बसलाय, गाढी नदी फुगलीय आणि लाईट सकाळपासून दोनदा जाऊन आली. लिहायला याहून चांगला दिवस नाही.

सांगायचं एवढंच, की कशालाही हात घालण्याआधी परत कसं यायचं ते ठरव.

माझी चूक ऐक. नोकरीचं तिसरं वर्ष. एका ग्राहकासाठी ट्रंक पोर्टवर नवा व्हीलॅन, म्हणजे त्याचं वेगळं आभासी नेटवर्क, चढवायचा होता. सिस्कोच्या स्विचवर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन' लिहिलं की पुढे 'ॲड' हा शब्द आणि मग नंबर. मी 'ॲड' गाळलं. तो शब्द नसला की स्विचला वाटतं, आता फक्त हाच व्हीलॅन जाऊ द्यायचा, बाकीचे सगळे बंद. त्याने निमूटपणे तसं केलं. त्या बाकीच्यांत मी ज्यावरून आत शिरलो होतो तो व्हीलॅनही होता. स्क्रीन जागच्या जागी थिजली. स्विच तळोज्याच्या एमआयडीसीत, मी वाशीत, वेळ रात्री दीडची. कळंबोलीपर्यंत एका ट्रकवाल्याने सोडलं, पुढे दुधाचा टेम्पो मिळाला. पहाटे चारला निळी कन्सोल केबल लावून एका शब्दाची चूक दुरुस्त केली. गंमत अशी, की मी कॉन्फिगरेशन सेव्ह केलंच नव्हतं. तिथल्या वॉचमनला फोन करून स्विचचा प्लग काढून पुन्हा लावायला सांगितलं असतं, तर पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं असतं. घाबरलेल्या माणसाला सोपा उपाय सुचत नाही, म्हणून तो घाबरण्याआधीच कागदावर लिहून ठेवायचा असतो.

तेव्हापासून दूरच्या डब्यावर, म्हणजे स्विच-राऊटरवर, जोखमीचं काम करताना मी आधी 'रीलोड इन टेन' देतो. दहा मिनिटांत मी ते रद्द केलं नाही, तर डबा आपोआप रीबूट होऊन जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर येतो. ज्युनिपरवर याहून सभ्य सोय आहे, 'कमिट कन्फर्म्ड'. दहा मिनिटांत पुन्हा 'कमिट' केलं नाही तर तो बदल गुपचूप मागे घेतो, रीबूटही नाही. सिस्कोचा उपाय आडदांड आहे, त्या डब्यावरचे सगळेच ग्राहक काही मिनिटं पडतात, तेव्हा तारतम्य ठेव. आणि काम झालं की 'रीलोड कॅन्सल' द्यायला विसरू नकोस. ते विसरलेला माणूस मी पाहिलाय, मोठ्या समाधानाने चहा पीत होता.

लहानपणी तुला आणि दादाला कर्नाळ्यावर न्यायचो तेव्हा तू प्रत्येक वेळी चोरदरवाजा शोधायचीस. आपल्या धंद्यात त्याला आउट-ऑफ-बँड म्हणतात. मुख्य नेटवर्क पडलं तरी डब्यापर्यंत पोचवणारी वेगळी वाट: कन्सोल सर्व्हर आणि त्याला दुसऱ्याच कंपनीचं सिम किंवा वेगळी लाईन. दरवाजा आहे असं प्रत्येक ऑफिसात सांगतात. तो शेवटचा कधी उघडला होता, ते मात्र कुणाला आठवत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ चा सोमवार आठवतो? रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप गेलं आणि तुझी आई मला फोन करून विचारत होती की माझा मोबाइल बिघडला का. फेसबुकने देखभालीच्या कामात स्वतःच्या बॅकबोनची क्षमता तपासायला एक कमांड दिली आणि तिने अख्खा बॅकबोनच खाली आणला. अशी कमांड अडवायला तपासणीचं साधन होतं, त्यातही दोष निघाला. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यावर त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपले रूट स्वतःहून मागे घेतले, आणि जगाच्या दृष्टीने फेसबुक नावाचा पत्ताच उरला नाही. त्यांचा चोरदरवाजाही त्या दिवशी उघडला नाही. माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली, आणि कडक सुरक्षेमुळे त्यांना आत जाऊन यंत्रांपर्यंत पोचायलाच वेळ लागला. सहा तासांवर गेलं प्रकरण. एवढ्या मोठ्यांचं असं होतं, तर आपण कोण!

विजेचंही तसंच. १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. मी तेव्हा जिथे होतो तिथे बॅटऱ्यांनी भार घेतला, जनरेटर झटक्यात सुरू झाला, आम्ही एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. वीस मिनिटांनी राऊटर तापल्याचे अलार्म वाजायला लागले. एसी जनरेटरच्या लाईनवर घेतलाच नव्हता. ऑक्टोबरचा उकाडा, बंद खोली आणि आम्ही पुठ्ठ्याने वारा घालतोय. दर महिन्याला जनरेटरची चाचणी व्हायची, रजिस्टरवर सह्या होत्या. पण ती चाचणी जनरेटरची होती. खोलीची मेन लाईन पाडून कुणी बघितलंच नव्हतं.

आता केबलकडे येतो, कारण तुम्हा स्क्रीनवर वाढलेल्या मुलांना हे कुणी शिकवत नाही. पनवेलमध्ये २०२० साली योट्टाचं एनएम१ हे प्रचंड डेटा सेंटर सुरू झालं. तेव्हापासून इथले लोक त्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणतात, इंटरनेट तिथे राहतं. राहत असेल, पण येतं-जातं रस्त्याकडेच्या चरातून, आणि त्या चरावर जेसीबीची नजर असते. सायन-पनवेल हायवेवर एकदा आमच्या दोन्ही लिंक एकाच क्षणी गेल्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या, दोघींचं बिल वेगळं. मी जाऊन पाहिलं, तर दोन्ही केबल एकाच खड्ड्यात, शेजारी शेजारी तुटलेल्या. दुसऱ्या कंपनीने पहिलीच्याच मार्गावरची डक्ट भाड्याने घेतली होती. कंपन्या दोन, खड्डा एक. म्हणून लिंक घेताना कागदावरच्या 'डायव्हर्स' या शब्दावर जाऊ नकोस. दोघांकडून मार्गाची केएमझेड फाईल माग, गूगल अर्थवर एकावर एक टाक आणि पूल, घाट, रेल्वे क्रॉसिंग नीट बघ. मार्ग तिथेच एकत्र येतात. आणि एखाद्या रविवारी स्प्लायसिंगच्या टीमबरोबर तो रस्ता चाल. ओटीडीआर हे केबल मोजायचं यंत्र सांगतं की तुटलेली जागा ४ किलोमीटर २०० मीटरवर आहे. ते अंतर काचेचं असतं, रस्त्याचं नसतं. प्रत्येक चेंबरात केबलचे वेढे गुंडाळून ठेवलेले असतात, ते वजा केल्याशिवाय माणूस भर पावसात भलतीकडेच खणत बसतो. जॉइंट मारणाऱ्या पोरांना हे तोंडपाठ असतं, त्यांना मान दे. एक सांगायचं राहिलं: फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नकोस. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळा जाऊ शकतो.

ट्रेसराऊटबद्दल तू लिहिलं होतंस की मधल्या एका हॉपवर, म्हणजे वाटेतल्या राऊटरवर, चाळीस टक्के लॉस दिसला, तू तिकीट फाडलंस आणि समोरच्याने हसून परत पाठवलं. हसायला नको होतं, पण बरोबर त्याचंच होतं. राऊटरचं काम पॅकेट पुढे ढकलणं. तुझ्या चौकशीला उत्तर देणं हे त्याच्यासाठी फावल्या वेळचं काम, तो ते मुद्दाम कमी करतो. लॉस शेवटच्या हॉपपर्यंत टिकला तरच खरा. शिवाय ट्रेसराऊट फक्त जायची वाट दाखवतो. उत्तर दुसऱ्याच रस्त्याने येत असेल आणि दुखणं तिथे असेल. म्हणून नेहमी समोरच्याकडूनही एक ट्रेस मागवायचा. आणि मिलिसेकंद वाचायला शीक. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर शंभर किलोमीटरला एक मिलिसेकंद. माझ्या घरून तुझ्या पुण्याला पिंग तीन-चार दाखवलं तर ठीक. साठ दाखवलं तर पॅकेट बोरघाट चढलेलंच नाही, बहुधा सिंगापूर बघून आलंय. २००३ साली निक्सी, म्हणजे भारतीय इंटरनेट कंपन्यांना देशातच जोडणारं केंद्र, सुरू होण्याआधी हे रोजचं होतं, एका भारतीय कंपनीचा मेल शेजारच्या भारतीय कंपनीकडे परदेशातून वळसा घालून जायचा.

बीजीपीला, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना वाटा सांगायच्या पद्धतीला, अजून तुझा हात लागू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. तरी ध्यानात ठेव. कळंबोली सर्कलला कुणी 'पुण्याकडे' अशी पाटी गोव्याच्या दिशेला लावली, तर निदान एखादा ड्रायव्हर थांबून विचारेल. राऊटर विचारत नाही. उलट, पाटी जितकी नेमकी तितका त्याचा विश्वास जास्त. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने फक्त देशात यूट्यूब बंद करण्यासाठी अशीच एक नेमकी पाटी लावली. ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने न तपासता पुढे दिली, आणि जवळपास दोन तास जगभरचं यूट्यूब त्या आंधळ्या गल्लीत शिरत राहिलं. नावं ठेवायला शेजारी कशाला हवेत? एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच देशातल्या एका मोठ्या नेटवर्कने तीस हजारांवर परके रूट आपले म्हणून जाहीर केले. चूक कुणाचीही होते. पुढच्याने फिल्टर लावला असता तर ती तिथेच थांबली असती. तेव्हा आपल्या आयपी पत्त्यांच्या ब्लॉकचे आरओए, म्हणजे ते कुणी जाहीर करायचे याचे दाखले, आयआरआयएनएन या भारतीय नोंदणी संस्थेकडे बिनचूक ठेवायचे, आणि ग्राहक जे जाहीर करेल ते त्याचंच आहे का हे तपासल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. ग्राहक कितीही मोठा असो.

माणसांबद्दल थोडं. रात्री दोन वाजता दुसऱ्या कंपनीच्या एनओसीला, म्हणजे नेटवर्क कंट्रोल रूमला, फोन लावलास की पलीकडून पहिलं वाक्य येईल, "आमच्या एंडने ओके आहे." तू ते वाक्य कधी बोलू नकोस. "मी हे-हे तपासलं, अमुक वाजता, असं दिसलं," असं सांग. आणि वेळ सांगताना आयएसटी की यूटीसी ते सांग. साडेपाच तासांच्या या घोळात मी तीन माणसांना दोन दिवस भांडताना पाहिलंय, तिघांचेही लॉग खरे होते. काही बिघडलं की आधी स्वतःला विचार, मी आत्ता काय बदललं? तू काही बदललं असशील तर लगेच कबूल कर. पहिल्या पाच मिनिटांत सांगितलेली चूक लोक विसरतात, दोन तासांनी उघडी पडलेली विसरत नाहीत. त्या तळोज्याच्या रात्री मी साहेबांना सकाळी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, रात्री फोन केला असतास तर वॉचमनचा नंबर माझ्याकडे होता.

आपला धंदा विचित्र आहे. दिवसा जो तुमचा ग्राहक पळवतो, तोच रात्री तुमची लिंक उचलून देतो. २००३ पासून सानॉगच्या संमेलनात भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान अशा देशांतले नेटवर्कवाले एकत्र बसून आपापली अपयशं एकमेकांना सांगतात. संधी मिळाली तर जा. पहिल्या वर्षी नुसतं ऐक आणि नंबर घे.

तुझ्या आईला सांग, डिंकाचे लाडू पोचले. आणि तुला एक काम. या आठवड्यात, दिवसाउजेडी, टीम लीडची परवानगी घेऊन तुमच्या कन्सोल सर्व्हरला ऑफिसच्या नेटवर्कबाहेरून लॉगिन करून बघ. सिममध्ये बॅलन्स आहे का, पासवर्ड चालतो का, तो पासवर्ड कुठे लिहिलाय आणि ती जागा नेटवर्क पडल्यावरही उघडते का. काय निघालं ते मला कळव.

तुझा
मामा