कांचेवरील छायाप्रकाश

करी रोड, लालबाग किंवा गिरगांव भागांतील एखाद्या जुन्या इमारतींत शिरतांना दारावरील कांचेंत उमटलेली पांढरी वेलबुट्टी तुमच्या दृष्टीस पडली असेल. नीट पाहिल्यास तिच्यांतील एखादी पाकळी शुभ्र, दुसरी रुपेरी, तर तिसरी धुक्यासारखी पुसट दिसते. पुष्कळांस वाटतें कीं हा पांढरा रंग आहे. परंतु तो रंग नव्हे. अशा कांचेच्या खरबरीत बाजूवर ओलें बोट फिरवा. पांढरेपणा तत्काळ नाहींसा होईल व पाणी वाळतांच परत येईल. रंग असता तर असें झालें नसतें.

याचें कारण सोपें आहे. गुळगुळीत कांचेंतून प्रकाश सरळ जातो. खरबरीत पृष्ठभागावर तो चहूंकडे विखुरतो व पृष्ठभाग पांढरा दिसतो. पाण्यानें खळगे भरले कीं विखुरणें थांबतें. म्हणजे जितका खरबरीतपणा, तितकी शुभ्रता. कारागिराची सारी कला हा खरबरीतपणा कमीअधिक करण्यांत आहे.

यासाठीं वापरतात तें हायड्रोफ्ल्यूओरिक आम्ल. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले यानें इ. स. १७७१ मध्यें याचा अभ्यास केला. कांचेचा मुख्य घटक सिलिका. तिच्याशीं या आम्लाचा संयोग होऊन वायु बनतो व कांच झिजते. नुसतें आम्ल कांच सारखी झिजवितें. मात्र त्यांत अमोनियाचा क्षार मिसळला म्हणजे कांचेवर सूक्ष्म स्फटिक जमतात; त्यांच्याखालील कांच वांचते, भोंवतालची झिजते, आणि असंख्य उंचवटे तयार होतात. यास ‘पांढरें आम्ल’ म्हणतात.

आतां छटांची कृति पाहूं. जो भाग नितळ ठेवावयाचा, त्यावर प्रथम डांबरी वार्निश लावतात. कांचेच्या कडेनें मेणाचा बांध घालून आंत पांढरें आम्ल ओततात; उघडा भाग शुभ्र होतो. कांच धुऊन, वाळवून, जेवढें शुभ्र राहावयास हवें तेवढें वार्निशानें झांकतात व सौम्य आम्ल कांहीं मिनिटें ठेवतात. त्यानें उंचवट्यांचीं टोकें बोथट होतात व रुपेरी छटा येते. तीही हवी तेथें झांकून पुन्हां सौम्य आम्ल दिलें कीं तिसरी, पुसट छटा मिळते. शेवटीं टर्पेंटाईननें वार्निश काढतात. या पद्धतीस इंग्लंडांत ‘फ्रेंच एम्बॉसिंग’ असें नांव आहे. दाणेदार छटा हवी असल्यास कांचेवर अभ्रकाचा चुरा पसरून वर आम्ल ओततात.

यांतील नियम लक्षांत ठेवा: सर्वांत शुभ्र छटा आधीं, सर्वांत पुसट शेवटीं. एकदां बोथट झालेला उंचवटा तसाच्या तसा परत येत नाहीं. म्हणून हात लावण्यापूर्वींच सारें चित्र मनांत पुरें असावें लागतें. शिवाय मागें अंधारी खोली असतां जें फूल शुभ्र दिसतें, तेंच आंतून आकाशाकडे पाहतांना करडें दिसतें. चांगला कारागीर दोन्ही बाजूंचा विचार करतो.

आपल्या प्रांतांत तळेगांव दाभाडे येथें १९०८ मध्यें पैसा फंडाचा कांच कारखाना व कऱ्हाडजवळ १९१६ मध्यें ओगल्यांचा कारखाना निघाला, तेव्हांपासून कांचकामाविषयीं महाराष्ट्रांत कौतुक आहे. तें आमच्या एका विद्यार्थ्याच्या मनांतही होतें. गेल्या वर्षीं विज्ञान-प्रदर्शनासाठीं अशी कांच स्वतः करावी असें त्यास वाटलें. मी विज्ञानाचा शिक्षक, मीं सहज म्हटलें, “आम्ल पातळ घेतलें म्हणजे भय नाहीं.” सल्ल्यासाठीं आम्ही त्याच्या वडिलांच्या ओळखीच्या एका वृद्ध कारागिराकडे गेलों. त्यांनीं आपलें बोट पुढें केलें. त्याचें टोंक आक्रसून गेलें होतें.

“मास्तर,” ते म्हणाले, “जालीम ॲसिड लगेच भाजतं, म्हणून माणूस हात काढून घेतो. पातळ ॲसिड गप बसतं. मला दुपारी लागलं, ते रात्री कळलं.”

मी खालीं मान घातली, कारण त्यांचें म्हणणें शास्त्रास धरून होतें. हें आम्ल कातडींतून आंत शिरून शरीरांतील कॅल्शियम बांधून टाकतें, हाडापर्यंत पोंचूं शकतें. सौम्य असल्यास वेदना कधीं कधीं चोवीस तासांनींही सुरू होतात. अंगावर पडल्यास, दुखत नसलें तरी, तत्काळ भरपूर पाण्यानें धुवावें, मिळाल्यास कॅल्शियम ग्लुकोनेटचें मलम चोळावें व विलंब न करितां रुग्णालय गांठावें. पालकांसही विनंति आहे कीं गंजाचे डाग काढण्याचीं कांहीं द्रव्यें व कांचेवर नक्षी उठविण्याचीं क्रीमें यांच्यांत याच जातीचे पदार्थ असतात. तीं मुलांच्या हातीं देऊं नयेत.

त्या विद्यार्थ्यानें शेवटीं ट्रेसिंग कागदाचे एक, दोन व तीन थर कांचेवर चिकटवून कमळ केलें. छटा तीनच, परंतु प्रत्येक पाकळीचा क्रम त्यानें आधीं ठरविला होता. प्रदर्शनांत ती कांच खिडकींत उभी केली होती. तो वृद्ध कारागीर मुद्दाम येऊन तिच्यापुढें बराच वेळ उभा राहिला व म्हणाला, “आता दुसऱ्या बाजूनं बघू.”