गळ्यांतील ग्रंथि आणि कानांतील शंख

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत महाजनक जातकाचें चित्र आहे. त्यांत एक नर्तकी नृत्य करीत असून तिच्या भोंवतीं स्त्रिया बांसरी, मृदंग व झांजा वाजवीत आहेत. सहलीस गेलेले विद्यार्थी त्या भिंतीपुढें उभे राहतात तेव्हां तें वादन त्यांना मनांत ऐकूं येतें. कारण झांजेचा नाद कसा असतो हें त्यांना ठाऊक असतें. जन्मतः बहिऱ्या मुलाला मात्र तीच झांज म्हणजे दोन वाटोळ्या चकत्या. त्याचा कंठ बहुधा निर्दोष असतो. शब्द कधीं कानीं पडला नाहीं म्हणून तो ओठांवर येत नाहीं, इतकेंच. अशा मुलास ‘मुकें’ म्हणून कोपऱ्यांत बसविण्याची जी जुनी रीत आहे, तिच्याइतका अन्याय दुसरा नसेल.

या अन्यायावर माणसानें दोन बाजूंनीं उपाय शोधला. पहिला गळ्यांतील एका ग्रंथीशीं संबद्ध आहे, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल.

कंठमण्याच्या खालीं फुलपांखराच्या आकाराची एक लहान ग्रंथि असते. डॉक्टर तिला थायरॉईड म्हणतात. ती आपला रस सरळ रक्तांत सोडते. अशा रसांना ‘हॉर्मोन’ हें नांव १९०५ सालीं स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानें दिलें. बालकाच्या मेंदूची वाढ थायरॉईडच्या रसावर अवलंबून असते, आणि कानाच्या आंतील भागाची घडणहि त्याच्याविना नीट पुरी होत नाहीं. हा रस तयार होण्यास आयोडीन लागतें. गरोदर स्त्रीच्या आहारांत त्याची फार तूट पडली तर मूल बहिरें जन्मूं शकतें व त्याच्या बुद्धीची वाढ खुंटते. हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यांत डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ सालीं आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला आणि तेथील गलगंडाचें प्रमाण ओसरलें. आज आपल्या मिठाच्या पुड्यावर जो ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द असतो, त्यामागें असे परिश्रम आहेत.

ग्रंथीच दुबळी असली तर रस बाहेरून द्यावा लागतो. १८९१ सालीं इंग्लंडांत डॉ. मरे यांनीं मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईस टोंचला. ती पुढें २८ वर्षें जगली! १९१४ च्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत केंडॉल यांनीं त्या अर्कांतील मूळ द्रव्याचे स्फटिक वेगळे केले, आणि १९२७ मध्यें हॅरिंग्टन व बार्जर यांनीं तेंच प्रयोगशाळेंत बनविलें. आतां मेंढीची गरज उरली नाहीं. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील तीस ते पंचेचाळीस भाग तीन किलो वजनाच्या बाळाला एका दिवसास पुरतात. पण औषध जन्मापासून दोन आठवड्यांच्या आंत सुरू व्हावें लागतें. बाळाच्या टाचेंतून रक्ताचे चार थेंब घेतले कीं उणीव कळते. ज्यांच्यांत ती आढळते त्यांचे कानहि तपासून घेणें अगत्याचें असतें.

आतां दुसरा उपाय. कानाच्या आंत अडीच वेढ्यांचा शंख असतो व त्यांतील सूक्ष्म केशपेशी ध्वनीचें रूपांतर विद्युत्संदेशांत करतात. या पेशी नष्ट झाल्या तर आवाज मोठा करणारें साधें यंत्र फारसें उपयोगी पडत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील डॉ. ग्रॅम क्लार्क यांचे वडील स्वतः कानांनीं अधू होते. मज्जातंतूला थेट विद्युत् द्यावी, असें क्लार्क यांनीं ठरविलें. पण वांकड्या शंखांत तार शिरावी कशी? १९७७ सालीं समुद्रकिनारीं बसले असतां त्यांनीं एका शिंपल्याच्या शंखांत गवताचें पातें सारून पाहिलें. टोंकाशीं लवचिक व बुडाशीं ताठ असलेलें पातें खोलवर गेलें! तशीच तार करून १ ऑगस्ट १९७८ रोजीं त्यांनीं पहिली शस्त्रक्रिया केली. त्याच वर्षीं लंडनचे केंप यांनीं दाखविलें कीं निरोगी कान स्वतःहि अतिशय मंद ध्वनि बाहेर टाकतो. त्या शोधामुळें झोंपलेल्या अर्भकाच्या कानांत लहानशी नळी ठेवून कांहीं मिनिटांत परीक्षा होते. बाळाला कांहीं सांगावें लागत नाहीं.

ही विद्या आपल्या प्रांतांत आली आहे. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना कर्णरोपणाच्या कार्याबद्दल ख्याति लाभली व २०१४ सालीं पद्मश्री मिळाली. वांद्र्याची श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था १९८३ सालीं निघाली. तिला राज्यपाल अली यावर जंग यांचें नांव आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यांत असतांना तेच हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरु होते. बालकांच्या तपासणीची केंद्रीय योजना फेब्रुवारी २०१३ मध्यें आपल्याच पालघर येथें सुरू झाली. तींत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे.

हजार अर्भकांत एक ते तीन बालकें श्रवणदोष घेऊन येतात. कानाची परीक्षा पहिल्या महिन्यांत, निदान तिसऱ्यापर्यंत व उपाय सहाव्यापर्यंत, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. पण ‘याचा बापहि उशिरांच बोलला’ असें म्हणत घरचीं वडील माणसें दोन-तीन वर्षें घालवितात. कोणी मागें थाळी वाजवून पाहतात. मूल वळतें तें कदाचित् जमिनीच्या कंपानें किंवा सांवली हलल्यानें. शिवाय रोपण झालें तरी पहिल्या दिवशीं मुलाला ऐकूं येतो तो केवळ गलबला; त्याला अर्थ नसतो. त्यांतून ‘आई’ हा शब्द निवडून काढावयास त्याला महिने लागतात, आणि त्या काळांत शिक्षकाकडून रोज धडे घेऊन घरच्यांनीं जेवतां-खेळतां त्याच्याशीं बोलत राहावें लागतें.